उठून जाण्याची धमकी: ब्रेग्झिटच्या डावपेचांवर ब्रिटन का भांडला

२९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनचे ब्रसेल्समधले राजदूत टिम बॅरो यांनी सहा पानांचे एक पत्र युरोपीय परिषदेचे अध्यक्ष डोनाल्ड टस्क यांच्या हाती दिले. पत्रावर सही पंतप्रधान थेरेसा मे यांची होती. युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा ब्रिटनचा इरादा त्यात कळवला होता. त्या क्षणापासून दोन वर्षांची मुदत सुरू झाली. करार झाला तर करारासह, नाही झाला तर कराराविना, मुदत संपली की ब्रिटन बाहेर.

हे पत्र तेव्हाच द्यायला हवे होते का, यावरही ब्रिटनमध्ये एकमत नव्हते. महासंघात राहायचे की नाही, हा प्रश्न २३ जून २०१६ च्या सार्वमताने सोडवला होता. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली, ४८.१ टक्के विरोधात. त्यानंतर पेटले ते भांडण वेगळे होते. समोरच्याशी बोलायचे कसे आणि कधी, काय उघड करायचे आणि काय राखून ठेवायचे, धमकी कशाची द्यायची, आणि ती धमकी खरी वाटावी म्हणून घरातल्या विरोधकांनी मूग गिळून गप्प बसायचे का? हा लेख या भांडणाबद्दल आहे. ब्रेग्झिट बरोबर की चूक, याचा निवाडा इथे करायचा नाही. डावपेचांच्या वादात बाहेर पडू इच्छिणारे लोक दोन्ही बाजूंना होते आणि हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही.

मुदतीचा फास

सुरुवात कलम ५० पासून करू. २००९ मध्ये लागू झालेल्या महासंघाच्या लिस्बन कराराच्या आधी महासंघातून बाहेर कसे पडायचे, याची वाटच कुठल्या करारात लिहिलेली नव्हती. ग्रीनलँड १९८५ मध्ये बाहेर पडले, तेव्हा त्याला कुठलीही मुदत नव्हती. डेन्मार्कच्या छत्राखालच्या या बेटाने १९८२ मध्ये सार्वमत घेतले. मग मुख्यतः मासेमारीच्या हक्कांवर तीन वर्षे बोलणी झाली आणि प्रश्न सुटला. लिस्बन करारात मात्र कलम ५० च्या रूपाने बाहेर पडण्याची रीतसर तरतूद आली आणि तिच्यासोबत मुदतही. सूचना दिल्यावर दोन वर्षे. ती वाढवायची असेल, तर उरलेल्या सगळ्या सदस्य देशांची एकमुखी संमती हवी.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मुदत जसजशी संपत येते तसतसा जाणारा देश कोंडीत सापडतो. मागे राहणाऱ्या २७ देशांना विलंबाचा त्रास होतो, पण जाणाऱ्याइतका नाही. शिवाय सूचना मिळेपर्यंत कसलीही बोलणी करायची नाहीत, असे या २७ देशांनी २९ जून २०१६ रोजी, म्हणजे सार्वमतानंतर आठवडाही उलटायच्या आत, ठरवून टाकले होते. म्हणजे ब्रिटनच्या स्वतःच्या हातात सुरुवातीला एकच गोष्ट होती: पत्र कधी द्यायचे.

ती गोष्ट मे यांनी ऑक्टोबर २०१६ मध्येच सोडून दिली. बर्मिंगहॅमच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी जाहीर केले, की मार्च २०१७ संपायच्या आत पत्र जाईल. ब्रसेल्समधले त्यांचे तेव्हाचे राजदूत सर इव्हान रॉजर्स यांना हे पटले नव्हते. कलम ५० ची गाडी प्रत्यक्षात कशी चालणार, कोणता विषय आधी, कोणता नंतर, हे ठरल्याखेरीज पत्र देऊ नये, असा त्यांचा सल्ला होता. जानेवारी २०१७ च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. रॉजर्स यांना महासंघाच्या बाजूचे समजणारे पुष्कळ होते. पण बाहेर पडण्याच्या प्रचाराचे सूत्रधार डॉमिनिक कमिंग्ज यांचेही म्हणणे हेच होते, की आराखडा हाती नसताना घाईने कलम ५० लागू करणे ही घोडचूक आहे. दोन टोकांचे दोन लोक एकच गोष्ट सांगत होते.

मग मे यांनी घाई का केली? कारण त्यांचे लक्ष ब्रसेल्सकडे कमी आणि स्वतःच्या हुजूर पक्षाकडे जास्त होते. सार्वमतात त्या स्वतः महासंघात राहण्याच्या बाजूने होत्या. पत्राला उशीर झाला असता, तर ‘निकाल गुंडाळून ठेवायचा डाव आहे’ असा आरोप पहिल्या दिवसापासून झाला असता. हा दबाव खरा होता, हे मान्य करायला हवे. आणि दोष एकट्या मे यांचा नाही. पत्र देण्याची परवानगी संसदेने द्यावी लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१७ रोजी आठ विरुद्ध तीन असा दिला. म्हणजे खासदारांना ‘आधी आराखडा दाखवा’ म्हणायची पूर्ण संधी होती. त्यांनी काय केले? १ फेब्रुवारीला ४९८ विरुद्ध ११४ मतांनी विधेयक पुढे पाठवले. विरोधी मजूर पक्षातल्या बहुतेकांनीही होकार दिला. पुढे दोन वर्षे सरकारच्या प्रत्येक डावावर तुटून पडलेल्या कित्येकांनी सर्वात मोठा डाव चौकशी न करता मंजूर केला होता.

एप्रिलच्या अखेरीस २७ देशांनी बोलण्यांचा क्रम जाहीर केला. आधी नागरिकांचे हक्क, थकीत देणी आणि आयर्लंडची सीमा. यात पुरेशी प्रगती झाली, तरच भविष्यातल्या व्यापाराबद्दल बोलू. ब्रेग्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस म्हणाले, की या क्रमावरूनच उन्हाळ्यातले मोठे भांडण होईल. ते झालेच नाही. १९ जूनला बोलण्यांच्या पहिल्याच दिवशी ब्रिटनने तो क्रम मान्य केला. मधल्या काळात मे यांनी हात बळकट करण्यासाठी निवडणूक घेतली होती आणि ८ जूनच्या निकालात असलेले बहुमत गमावले होते. आता उत्तर आयर्लंड ब्रिटनशी जोडलेलेच राहावे म्हणणाऱ्या तिथल्या डीयूपी या पक्षाच्या दहा खासदारांवर त्यांचे सरकार उभे होते. ही दहा मते पुढे फार महागात पडणार होती.

माणसे हुकमाची पाने असतात का

या साऱ्या वादातला एक भाग गोव्यातल्या अनेक घरांच्या उंबरठ्यापर्यंत येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते. हा पासपोर्ट हाती आला की युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये राहता आणि काम करता येत असे. म्हणूनच स्विंडनसारख्या गावात आणि लंडनच्या साउथॉल-वेम्बली भागांत गोवेकरांची मोठी वस्ती झाली. सार्वमतानंतर ब्रिटनमधल्या सुमारे ३० लाख युरोपीय नागरिकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तोच यांच्याहीपुढे होता: आपल्याला इथे राहू देणार की नाही?

सरकारने लगेच हमी दिली नाही. आपण आधीच हमी दिली आणि युरोपात राहणाऱ्या दहाएक लाख ब्रिटिशांना तशी मिळाली नाही तर काय, असा त्यांचा युक्तिवाद होता. व्यापारमंत्री लियम फॉक्स ऑक्टोबर २०१६ मध्ये बोलून गेले, की या लोकांचा प्रश्न म्हणजे वाटाघाटीतले आपले एक मुख्य पान आहे. त्यावर गदारोळ उठला. एकतर्फी हमी द्यावी अशी दुरुस्ती संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने, १ मार्च २०१७ रोजी ३५८ विरुद्ध २५६ मतांनी मंजूर केली. कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, ती ३३५ विरुद्ध २८७ मतांनी फेटाळली.

एकतर्फी हमी मागणाऱ्यांचे म्हणणे केवळ माणुसकीचे होते असे समजले जाते. मला ते डावपेच म्हणूनही जास्त शहाणपणाचे वाटते. वापरताच येणार नाही असे पान हातात धरून काय मिळते? वर्षानुवर्षे रुग्णालयांत, गोदामांत, शाळांत काम करणाऱ्या ३० लाख लोकांना ब्रिटन खरोखर हाकलून देईल, यावर ब्रसेल्समध्ये कोणाचाच विश्वास नव्हता. त्यामुळे समोरच्यावर दबाव शून्य पडला आणि घरातल्या ३० लाख माणसांच्या मनात मात्र धास्ती बसली. ज्यांची मुले तिथल्या शाळेत जात होती, ज्यांनी घराचे कर्ज काढले होते, त्यांना कित्येक महिने उत्तर मिळाले नाही. शेवटी डिसेंबर २०१७ च्या संयुक्त अहवालात दोन्हीकडच्या नागरिकांचे हक्क राखायचे ठरले आणि पुढे ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करण्याची योजना आली. पहिल्या दिवशी उदारपणे देता आले असते, तेच ब्रिटनने घासाघीस करून दिले.

‘वाईट करारापेक्षा करार नसलेला बरा’

१७ जानेवारी २०१७ रोजी लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये केलेल्या भाषणात मे यांनी हे वाक्य उच्चारले आणि पुढच्या तीन वर्षांतला सगळ्यात कडू वाद त्याच्याभोवती फिरत राहिला.

या वाक्यामागचे तर्कशास्त्र खोटे नाही. तुळशीबागेत भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठून चालायला लागते आणि चार पावलांवर मागून हाक येते. उठून जायची तयारीच नसेल, तर दुकानदार सांगेल तो भाव. बाहेर पडण्याचे कट्टर समर्थक हेच सांगत होते, आणि त्यात दम होता. सगळ्या घासाघिशीचा पाया तोच असतो.

पण ती युक्ती चालते, कारण शेजारी तसलेच दुसरे दुकान असते. ब्रिटनची सुमारे ४४ टक्के निर्यात तेव्हा महासंघात जात होती. कराराविना बाहेर पडणे म्हणजे जकात, तपासण्या, डोव्हर बंदरावर ट्रकच्या रांगा, औषधांच्या पुरवठ्याची काळजी. युरोपचेही नुकसान झाले असते, आयर्लंडचे तर फारच, पण ते २७ देशांत वाटले गेले असते. समोरच्या बाजूला ही आकडेमोड येत होती.

एक आशा अशी होती, की जर्मनीचे मोटार कारखानदार आपल्या सरकारवर दबाव आणतील, कारण ब्रिटन त्यांचे मोठे गिऱ्हाईक. लोकांना हे पटणारे होते. घडले उलटेच. जर्मन उद्योगसंघटनांच्या प्रमुखांनी २०१७ मध्येच स्पष्ट सांगितले, की ब्रिटनची बाजारपेठ महत्त्वाची आहे, पण महासंघाची सामाईक बाजारपेठ अखंड राहणे त्याहून महत्त्वाचे आहे. नियम न पाळता सगळे फायदे मिळतात असे एकदा दिसले, की उरलेले देशही तेच मागणार, ही भीती त्यांच्या हिशेबात मोटारींच्या विक्रीपेक्षा मोठी होती.

धमकी खरी वाटायला तयारी दिसावी लागते. इथे सरकारमध्येच दोन तट पडले. अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांचे म्हणणे, की जे कदाचित घडणारही नाही त्यासाठी जनतेचा पैसा आतापासून ओतायचा नाही. कट्टर समर्थक संतापले: पैसा खर्च केला नाही, तर आपण उठून जाऊ यावर समोरचा विश्वास कसा ठेवेल? डावपेच म्हणून पाहिले तर समर्थकांचा मुद्दा बरोबर होता. हॅमंड यांचा मुद्दा खजिनदार म्हणून बरोबर होता. एकाच सरकारने दोन्ही धोरणे एकाच वेळी चालवली आणि धमकी पोकळ ठरली.

तयारी उशिरा सुरू झाली तेव्हा ती कशी दिसली? ७ जानेवारी २०१९ रोजी केंट परगण्यात मॅन्स्टनच्या जुन्या धावपट्टीवरून ट्रक डोव्हरकडे नेण्याची तालीम झाली. दीडशे ट्रक येतील असा अंदाज होता, आले ८९. त्याच सुमारास जादा बोटींच्या फेऱ्यांसाठी १ कोटी ३८ लाख पौंडांचे कंत्राट अशा एका कंपनीला दिले होते जिच्याकडे एकही बोट नव्हती. फेब्रुवारीत ते रद्द करावे लागले. या कंत्राटांच्या पद्धतीवरून चॅनेल बोगदा चालवणाऱ्या कंपनीने दावा लावला आणि सरकारला ३ कोटी ३० लाख पौंड देऊन तो मिटवावा लागला. हे सगळे ब्रसेल्समध्येही वर्तमानपत्रांतून वाचले जात होते.

उद्योगांनी बोलावे की गप्प बसावे, यावरही खडाजंगी झाली. मुंबईच्या टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने जुलै २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितले, की वाईट प्रकारे बाहेर पडलो तर कंपनीला वर्षाला १२० कोटी पौंडांहून अधिक फटका बसेल. असे बोलून तुम्ही देशाचा हात दुबळा करता, अशी टीका अशा कंपन्यांवर झाली. पण हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न असलेल्या कंपनीने खरा आकडा लपवावा, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? आणि तो लपवल्याने महासंघाच्या अर्थतज्ज्ञांना कळला नसता, असे थोडेच आहे?

ताकास तूर

वाटाघाटी गुप्त ठेवायच्या की उघड, याबाबत दोन बाजूंची शैली विलक्षण वेगळी होती. मे यांनी सुरुवातीपासून सांगितले, की प्रत्येक हालचालीची माहिती देत बसणार नाही. ताकास तूर लागू द्यायचा नाही, हे त्यांचे धोरण. महासंघाचे मुख्य वाटाघाटीकार, फ्रान्सचे मिशेल बार्निए यांनी नेमके उलट केले. आपले मसुदे, भूमिका, तक्ते ते संकेतस्थळावर टाकत गेले.

बार्निए यांचा डिसेंबर २०१७ चा एक तक्ता फार गाजला. त्यात एक जिना काढला होता. वरच्या पायरीवर नॉर्वे, मग स्वित्झर्लंड, युक्रेन, तुर्कस्तान आणि अगदी खाली कॅनडा व दक्षिण कोरिया. प्रत्येक पायरीशेजारी ब्रिटनने स्वतःच आखलेल्या लक्ष्मणरेषा लिहिल्या होत्या: युरोपीय न्यायालय नको, लोकांची मुक्त ये-जा नको, पैसे भरायचे नाहीत, व्यापारधोरण स्वतंत्र हवे. एकेका अटीने एकेक पायरी गळत जाते आणि उरतो कॅनडासारखा साधा व्यापार करार. एका पानावर सगळे आले. तीन वर्षांनी ब्रिटनच्या पदरात जे पडले, ते बरेचसे या पानावरच्या शेवटच्या पायरीसारखे होते.

हा उघडेपणा म्हणजे भाबडेपणा नव्हता. २७ सरकारे एका रांगेत उभी ठेवायची, तर प्रत्येकाला सगळे ठाऊक असणे भाग होते. सगळ्यांनी जाहीरपणे मान्य केलेल्या भूमिकेवरून मग कोणा एकाला खासगीत फोडणेही अवघड होते. अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर मांडलेली एक कल्पना इथे उपयोगी पडते. वाटाघाटीत स्वतःचे हात बांधून घेणे हे कधीकधी बळ ठरते, कारण ‘मला देताच येत नाही’ हे समोरच्याला दिसते. बार्निए यांनी २७ देशांच्या जाहीर ठरावाने स्वतःचे हात बांधून घेतले होते.

मे यांनाही हे करता आले असते. संसदेकडून आधी स्पष्ट जनादेश घेतला असता, तर ‘यापेक्षा जास्त माझी संसद मान्य करणार नाही’ असे त्या पहिल्या वर्षी सांगू शकल्या असत्या. त्यांनी संसदेलाच अडथळा मानले. पत्राआधी संसदेची परवानगी घ्या, असे सांगणाऱ्या उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींना नोव्हेंबर २०१६ मध्ये एका मोठ्या दैनिकाने पहिल्या पानावर ‘जनतेचे शत्रू’ ठरवले, तेव्हाही सरकारचा निषेधाचा सूर मवाळच होता. गुप्ततेचा शेवट तर मानहानीत झाला. कराराबद्दलचा कायदेशीर सल्ला संसदेपासून दडवल्याबद्दल ४ डिसेंबर २०१८ रोजी कॉमन्सने ३११ विरुद्ध २९३ मतांनी सरकारला संसदेच्या अवमानाबद्दल दोषी ठरवले. दुसऱ्या दिवशी सल्ला प्रसिद्ध करावा लागला. ॲटर्नी जनरल जेफ्री कॉक्स यांनी त्यात लिहिले होते, की आयर्लंडविषयीची तरतूद अनिश्चित काळ टिकू शकते. विरोधकांना शंका होती तेच.

आयर्लंड, आणि बोरिस जॉन्सन यांचा जुगार

आता मूळ गाठीकडे. आयर्लंड प्रजासत्ताक महासंघात, उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, आणि मध्ये सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथली लष्करी ठाणी गेली आणि माणसे विनाअडथळा ये-जा करू लागली. ब्रिटन सामाईक बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ (आपसात जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात) दोन्हींतून बाहेर पडला, तर कुठेतरी तपासणी करावीच लागणार. पण कुठे? जमिनीवरच्या सीमेवर केली तर शांतता धोक्यात. ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात केली तर देशाच्या पोटातच सीमा.

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी महासंघाने मसुदा पुढे ठेवला, तो दुसऱ्या पर्यायाचा होता: फक्त उत्तर आयर्लंड युरोपीय नियमांत राहील. कोणताही ब्रिटिश पंतप्रधान हे कधीच मान्य करू शकणार नाही, असे मे यांनी संसदेत सांगितले. डीयूपीच्या दहा मतांमुळे त्यांना दुसरे काही म्हणताही आले नसते. मग त्यांनी महिनोन्महिने झगडून संपूर्ण ब्रिटनला तात्पुरते सीमाशुल्क संघात ठेवणारी तरतूद मिळवली. हाच तो ‘बॅकस्टॉप’. गंमत नव्हे, शोकांतिका अशी, की महासंघाच्या अनेक देशांना ही ब्रिटनला दिलेली मोठी सवलत वाटत होती आणि लंडनमध्ये तिला सापळा म्हटले गेले.

१५ जानेवारी २०१९ रोजी करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये आणखी दोनदा पडला. १३ मार्चला कॉमन्सने ३२१ विरुद्ध २७८ मतांनी कराराविना बाहेर पडायलाही नकार दिला. हा करार नको, करार नसणेही नको, आणि पर्यायांवर घेतलेल्या मतदानात एकालाही बहुमत नाही. घरचे भांडण एवढे चव्हाट्यावर आल्यावर ब्रसेल्सने सवलत द्यायची तरी कोणाला? जी सवलत दिली तर संसद नक्की होकार देईल, ती कोणती, हेच कोणी सांगू शकत नव्हते.

२४ जुलै २०१९ रोजी बोरिस जॉन्सन पंतप्रधान झाले. ३१ ऑक्टोबरला काहीही झाले तरी बाहेर, ही त्यांची घोषणा. मे यांची धमकी पोकळ होती, माझी खरी आहे, हे समोरच्याला पटले पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त. संसद पाच आठवड्यांसाठी संस्थगित करण्याचा त्यांचा निर्णय २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी बेकायदा ठरवला. त्याआधीच खासदारांनी बेन कायदा केला होता: १९ ऑक्टोबरपर्यंत करार मंजूर झाला नाही, तर पंतप्रधानांनी मुदतवाढ मागायलाच हवी. त्याच्या बाजूने गेलेल्या २१ हुजूर खासदारांची पक्षातून गच्छंती झाली. त्यांत हॅमंड होते, ज्येष्ठ केनेथ क्लार्क होते, चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. जॉन्सन या कायद्याला ‘शरणागती कायदा’ म्हणत राहिले.

या शब्दाने मोठे नुकसान केले असे मला वाटते. बेन कायद्यावर डावपेचांच्या अंगाने गंभीर टीका करता येत होती. उठून जाण्याचा दरवाजा तुम्ही स्वतःच्याच माणसासाठी बंद करता आहात, हा आक्षेप वजनदार आहे. पण ‘शरणागती’ म्हटले की विरोध करणारा खासदार शत्रूला फितूर ठरतो. मतदारसंघातल्या कारखान्याची चिंता करणारा प्रतिनिधी फितूर नसतो. खासदारांना तेव्हा जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. सार्वमताच्या आठवडाभर आधी, १६ जून २०१६ रोजी, जो कॉक्स या खासदार महिलेची भर रस्त्यात हत्या झाली होती, हे कोणी विसरले नव्हते.

मग बेन कायदा लागू असतानाच करार झाला. १० ऑक्टोबरला आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर, ज्यांचे वडील मुंबईचे मराठी डॉक्टर, आणि जॉन्सन यांची लिव्हरपूलजवळ भेट झाली आणि १७ तारखेला नवा मसुदा जाहीर झाला. बॅकस्टॉप गेला. त्याच्या जागी काय आले? उत्तर आयर्लंड युरोपीय नियमांत, तपासणी समुद्रात. महासंघाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्याचा गाभा हाच होता. असे काही कोणत्याही हुजूर सरकारने मान्य करू नये, असे खुद्द जॉन्सन यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये बेलफास्टला डीयूपीच्या अधिवेशनात सांगितले होते.

जॉन्सन यांना काहीच मिळाले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कायद्याने उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या सीमाशुल्क क्षेत्रातच राहिले. तिथल्या विधानसभेला ठरावीक वर्षांनी या व्यवस्थेवर मत देण्याचा अधिकार मिळाला, जो आधीच्या मसुद्यात नव्हता. उरलेल्या ब्रिटनचे हात मोकळे झाले. पण कोंडी फुटली ती ब्रसेल्स घाबरल्यामुळे, असे पुरावे सांगत नाहीत. ब्रिटनने आपले ध्येय बदलले. डीयूपीला सोडायची तयारी जॉन्सन यांनी दाखवली, जी मे यांना परवडत नव्हती.

१२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन ३६५ जागा जिंकून आले आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला. त्याच वर्षी व्यापाराची बोलणी सुरू असताना सरकारने आयर्लंडविषयीच्या काही तरतुदी बाजूला सारणारे एक विधेयक आणले आणि मंत्री ब्रँडन लुइस यांनी ८ सप्टेंबरला सभागृहात कबूल केले, की त्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा मर्यादित स्वरूपात भंग होतो. सरकारच्या कायदा विभागाचे प्रमुख जोनाथन जोन्स यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. आक्षेपार्ह कलमे डिसेंबरमध्ये मागे घेतली गेली आणि २४ डिसेंबरला व्यापार करार झाला.

जुलै २०२१ मध्ये जॉन्सन सरकारने आयर्लंडविषयीच्या व्यवस्थेवर एक दस्तऐवज काढला. आपणच केलेला करार इतका अडचणीचा का ठरला, याचे एक कारण त्यात दिले होते: कराराविना बाहेर पडता येणार नाही असे संसदेने ठरवल्याने सरकारचा हात कमजोर झाला. हे स्पष्टीकरण पूर्ण वाटत नाही. डिसेंबर २०१९ नंतर त्यांच्याकडे ८० चे बहुमत होते, बेन कायदा निष्प्रभ झाला होता, तरीही जानेवारी २०२० मध्ये तोच करार त्यांनी ३३० विरुद्ध २३१ मतांनी संमत करून घेतला.

जून २०२२ मध्ये आणखी एक धमकी आली, त्या व्यवस्थेचे मोठे भाग एकतर्फी रद्द करण्याचे अधिकार देणारे विधेयक. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांनी ते सोडून दिले आणि महासंघाशी विंडसर येथे नवा समझोता केला. ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडमध्येच विकल्या जाणाऱ्या मालासाठी हिरवी मार्गिका, पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल. कॉमन्समध्ये तो ५१५ विरुद्ध २९ मतांनी पार पडला. विरोधी मतांमध्ये जॉन्सन यांचेही होते. विधेयकाच्या भीतीनेच महासंघ नमला, असे समर्थक सांगतात. पण मालाच्या तपासण्या मोठ्या प्रमाणावर कमी करण्याचा आणि वेगळ्या जलद मार्गाचा प्रस्ताव महासंघाच्या आयोगाने १३ ऑक्टोबर २०२१ रोजीच टेबलावर ठेवला होता, विधेयकाच्या आठ महिने आधी.